सातबाऱ्यावरची नावं

आमच्या लातूरकडं घरातला कर्ता माणूस गेला की तेरावं होईपर्यंत रानाचा विषय कुणी काढत नाही. त्यानंतर मात्र तलाठ्याकडे जावंच लागतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स. बायको, मुलगे, मुली अशी सगळी नावं लिहून द्यावी लागतात, नोटिसा निघतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२३ मध्ये अण्णा गेले आणि आमच्या सात एकरांवर चार नावं चढली. आई, दादा, आक्का आणि मी. जमिनीच्या कागदावर माझं नाव येण्याची ती पहिलीच वेळ. पुण्यात बसून मोबाइलवर महाभूलेख ही जमिनीच्या नोंदींची सरकारी वेबसाइट उघडली, सातबारा काढला आणि ते नाव कितीतरी वेळ बघत राहिले. आनंद झाला होता. ज्या रानात लहानपणी शेंगा वेचल्या, त्या रानाशी आपलं नातं कागदावर लिहिलं गेलंय याचा आनंद.

गेल्या दिवाळीत दादानं हक्कसोडीचा, म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देण्याचा, विषय काढला. आक्कानं आणि मी दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही करून द्यायची, पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो, बाकी किरकोळ खर्च, अर्ध्या दिवसाचं काम. विचारताना त्याची मान खाली होती. दादा लोभी माणूस नाही. बहिणींचं त्यानं आजवर सगळं केलं. आमची बाळंतपणं, आक्काच्या मुलीची कॉलेजची पहिली फी, दर वर्षी भाऊबीज. म्हणूनच मला या विषयावर लिहावंसं वाटलं. वाईट भाऊ आणि बिचारी बहीण अशी ही गोष्ट असती तर ती कोर्टात सुटली असती.

आजोबांकडे एकवीस एकर होती. तीन मुलगे, प्रत्येकी सात. आता त्या सातात चौघांचे सारखे हिस्से पाडले तर माणशी एक एकर तीस गुंठे येतात. ही फक्त आमच्या घरची कथा नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. आमची सात एकर म्हणजे पावणेतीन हेक्टरच्या आसपास, राज्याच्या सरासरीच्या दुप्पट. आमच्या गावात आम्हाला अजूनही बऱ्यापैकी रान असलेलं घर म्हणतात.

त्या बऱ्यापैकी रानात काय पिकतं आणि काय हातात पडतं, ते दादाच्या वहीतूनच सांगते. २०२४ चा खरीप. पाऊस बरा झाला होता. एकरी सात क्विंटल सोयाबीन झालं. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी मिळून साडेचार हजार. बियाणं तीन हजार. खत सतराशे. तणनाशक आणि फवारण्या चार हजार. खुरपणी दीड हजार. काढणीचं गुत्तं, म्हणजे ठेका, साडेचार हजार. रास करायला मळणी यंत्र आणि माणसं मिळून अडीच हजार. आडतीपर्यंतचं भाडं, हमाली, तोलाई सातशे. झाले बावीस हजार चारशे. काढणीच्या तोंडावर पाऊस आला, बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, ताडपत्रीखाली राहिली, मालाला ओल धरली. आडत्यानं मूठभर दाणे हातात घेऊन दाताखाली चावले आणि मॉईश्चरचं यंत्र लावायच्या आधीच भाव सांगितला, ४,१०० रुपये. एकराला अठ्ठावीस हजार सातशे आले. खर्च वजा जाता उरले सहा हजार तीनशे. यात दादाची, वहिनीची आणि भाच्याची चार महिन्यांची मजुरी धरलेली नाही. ती कधीच कुणी धरत नाही.

त्या वर्षीचा हमीभाव होता ४,८९२. तो मिळाला असता तर एकराला साडेपाच हजार जास्त पडले असते, म्हणजे उरलेली रक्कम जवळपास दुप्पट झाली असती. सरकारी खरेदी केंद्र होतं. पण तिथं आधी ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट, बारदाना आला की नाही याची चौकशी. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, ही अट. ती पुढं पंधरापर्यंत सैल झाली, तोवर आमचा माल गेला होता. कृषी सेवा केंद्रवाल्याची उधारी दिवाळीआधी भागवायची असते आणि हरभऱ्याचं बियाणंही तेव्हाच आणायचं असतं. ज्याच्या घरी माल थांबवून धरायची ताकद असते त्यालाच हमीभाव भेटतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे.

याच सोयाबीननं २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला दहा हजारांच्या आसपासचा भाव पाहिला होता. त्याच महिन्यात बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली आणि नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळला. खाद्यतेलावरचं आयातशुल्क २०२४ च्या सप्टेंबरात वाढवलं, तेव्हा गावात बरं वाटलं होतं. २०२५ च्या मेअखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क पुन्हा निम्म्यावर आणलं. शहरात तेलाचा डबा स्वस्त राहावा हे मलाही कळतं, मीही तेल विकतच घेते. पण प्रत्येक वेळी त्या स्वस्ताईची भरपाई सात एकरवाल्याच्या घरातूनच का व्हावी? शेतकरी कुटुंबांचं केंद्र सरकारनं २०१९ मध्ये केलेलं सर्वेक्षण सांगतं की देशात अशा एका कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न सरासरी १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. शेतकऱ्याच्या घरात शेतीपेक्षा मजुरीतून जास्त पैसा येतो. आमच्या भाच्यानं ट्रॅक्टरवर दुसऱ्याच्या रानात जाणं सुरू केलं तेव्हा वहिनीला रडू आलं होतं. आता त्याच पैशांवर किराणा चालतो.

तर या घरात हक्कसोडीचा प्रश्न आला. का आला, हे पूर्ण समजायला मला वेळ लागला.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात आमचं खालचं रान आठवडाभर पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर दादानं फोटो पाठवले. शेंगा झाडावरच होत्या, आणि शेंगेत दाण्याला कोंब फुटलेले. हिरवे, नखाएवढे. पंचनामा झाला. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजारांचं अनुदान, वर पुढच्या पेरणीसाठीची मदत. पण खातं सामाईक, चार नावांचं. एकाच्या खात्यावर पैसे जमा करायचे तर बाकीच्या तिघींचं संमतीपत्र हवं. माझं पुण्याहून कुरिअरनं गेलं. आक्काला मुद्दाम एसटीनं यावं लागलं. आईला सेवा केंद्रात नेलं तर आधारच्या पडताळणीला तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर खुरपं धरलेली बोटं ती. केंद्रातला पोरगा म्हणाला, आजी, हाताला तेल लावून पुसा. तेल लावलं, पुसलं, अंगठा बदलला, करंगळीपर्यंत सगळी बोटं झाली. तिसऱ्या खेपेला कधीतरी यंत्रानं तिला ओळखलं. पीककर्जाच्या नूतनीकरणालाही हीच तऱ्हा. बँक प्रत्येक सहहिस्सेदाराची सही मागते. दादाचा जीव या कागदांनी मेटाकुटीला आला होता.

आणि भाच्याचं लग्न. खरं कारण हेच.

तो तिशीला आलाय. कृषी पदविका झालेला, निर्व्यसनी, कामाला वाघ. बायोडेटात "शेती : सात एकर" असं लिहिलेलं. एका ठिकाणी बोलणी बऱ्यापैकी पुढं गेली होती. मुलीचे मामा आले, चहा झाला, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांनी मोबाइलवर गट नंबर टाकून आमचा सातबारा काढला. "ही बाकीची तीन नावं कुणाची?" दादा म्हणाला, एक आईचं, दोन बहिणींची. "म्हणजे मुलाच्या वाट्याला सात नाहीत." पुढं काही झालं नाही. निरोपसुद्धा आला नाही.

शेतकरी मुलांची लग्नं जुळत नाहीत ही गोष्ट आता गावोगावची झाली आहे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात तरुण मुलं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. बातम्यांमध्ये लोकांना त्याची गंमत वाटली. मला वाटली नाही, कारण त्या वयाचा मुलगा आमच्या घरात आहे. तो आता गावच्या लग्नात वाढायला जात नाही, लोक विचारतात म्हणून. पण नकार देणाऱ्या मुलींनाही मी नावं ठेवणार नाही. त्यांनी आपल्या आया पाहिल्यात. आमच्या वहिनीनं स्वतःची मुलगी शेतकऱ्याच्या घरात दिली नाही. एमआयडीसीत कंत्राटी नोकरी करणारा मुलगा चालला, पण शेती नको म्हणाली. आणि तीच वहिनी आज आपल्या मुलासाठी शेतकरी घरात नांदणारी सून शोधते आहे. दोन्ही वेळा ती आपल्या लेकरांचंच भलं बघते. मला त्यात विसंगती दिसत नाही, तिची कोंडी दिसते.

वहिनीबद्दल थोडं लिहायलाच हवं. सुगीत ती पहाटे चारला उठते. म्हशीचं शेण, धारा, चूल, सगळ्यांच्या भाकरी, मग उजाडायच्या आत रानात. गुत्तेदाराच्या बायका पात धरतात त्या ओळीत वहिनीही असते. फरक इतकाच की त्यांची मजुरी संध्याकाळी ठरते, वहिनीची कधीच नाही. कुठल्या सरीत पाणी तुंबतं, पिवळ्या मोझॅक रोगाचं पहिलं पान कुठं दिसलं, २०२२ ला गोगलगाई कुठल्या बांधावरून आत शिरल्या, हे दादाच्या आधी तिला माहीत असतं. त्या साली रात्री कंदील घेऊन बादलीत गोगलगाई वेचल्या त्या तिनं. पण सरकारदरबारी ती शेतकरी नाही. सातबारा नाही म्हणून फार्मर आयडी नाही, पीककर्ज नाही, विम्याचा अर्ज नाही, खरेदी केंद्रावर नोंदणी नाही. आईचंही असंच होतं. तिचं नाव जमिनीला लागलं ते अण्णा गेल्यावर. आमच्या भागात बाईला जमीन मिळते ती बहुतेक कुंकू पुसल्यावरच, आणि तीही सासरच्यांची मर्जी असली तर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के होत्या, त्यातल्या किती जणी अशा वाटेनं आल्या असतील कोण जाणे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९८६ च्या १९ मार्चला बायकामुलांसह जीवन संपवलं. पुढं असे जीव देणाऱ्या शेतकऱ्यांची मोजदाद होऊ लागली. मागं राहिलेल्यांची तशी कुणी केली नाही. घरातल्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर शासनाची मदत एक लाख रुपये, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. ती मिळायला प्रकरण पात्र ठरावं लागतं. आमच्या शेजारच्या गावात एकजण अशी आहे, जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचं. नवरा गेला त्या महिन्यात ती चौतीस वर्षांची होती. प्रकरण अपात्र ठरलं. दिराच्या रानात ती आता रोजानं जाते.

कायद्यानं मुलींना काही दिलं नाही असं नाही. महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच, देशाच्या अकरा वर्षं आधी, वडिलोपार्जित मिळकतीत तेव्हा लग्न न झालेल्या मुलीला मुलासारखा हक्क दिला. २००५ ला तो देशभर आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ ला वडील हयात असोत वा नसोत. पण गावात या हक्काचं रूपांतर बहुधा एका सहीत होतं. वाटा मागितला तर माहेर बंद, सोडला तर साडीचोळी. आपलं माहेर राहावं म्हणून बायका सही करतात. मी तसल्या सह्या पाहिल्यात, हसत हसत केलेल्या, आणि नंतर एसटीत डोळ्याला पदर लावलेला.

आक्काचं काय, हे कुणीच विचारत नव्हतं. मला पुण्यात पगार आहे, माझं सोडा. आक्का औशाकडं दिलेली, सासरी तीन एकर कोरडवाहू. तिथंही तिच्या नणंदांनी हक्कसोड केली म्हणून ती तीन राहिली. तिला दोन मुली, धाकटी नर्सिंगला. एक एकर तीस गुंठे तिच्यासाठी लहान गोष्ट नाही. पिकाच्या हिशोबानं त्यातून वर्षाला अकरा हजार येतील, पण विकायची म्हटली तर आमच्याकडं रस्त्याकडेच्या रानाला एकरी दहा लाखांच्या पुढंच बोलतात. पिकाच्या जिवावर तो भाव ठरत नाही, शहरातला पैसा येऊन ठरवतो. जमीन कसणाऱ्याला परवडत नाही आणि सोडणाऱ्याला सोडवत नाही, त्याचं कारण हे अंतर आहे. भावाबहिणीत जे वितुष्ट येतं ना, तेही बहुतेक इथूनच.

मी आक्काला फोनवर विचारलं, तुला वाटा पाहिजे का? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाहिजे कसं म्हणू गं. दादाचं कसं भागंल?" आक्कासारख्यांना दादाचं कसं भागेल हा प्रश्न पडतो आणि त्या सही करतात. दादाचं भागत नाही ते आक्काच्या सत्तर गुंठ्यांमुळे नव्हे. ते ४,१०० आणि ४,८९२ मधल्या फरकामुळे, कोंब आलेल्या शेंगांमुळे, वाढलेल्या गुत्त्यामुळे. बाजारात भाव पडतो आणि त्याची वसुली घरातल्या बायकांच्या हिश्श्यातून होते. बहिणीनं हक्क सोडायचा, बायकोनं मजुरी सोडायची, आईनं दवाखाना सोडायचा. असं करत करत घरची शेती टिकून राहते आणि सगळे म्हणतात, बघा, अजून चाललंय. कुटुंबाची शेती टिकावी असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच ती कुणाच्या जिवावर टिकलीय ते कागदावर यावं असंही वाटतं.

सही करणार नाही असं मी दादाला सांगितलं. फोनवर नाही, गावी जाऊन, आईच्या आणि वहिनीच्या समोर. त्याला त्रास व्हावा असा हेतू नव्हता, म्हणून सोबत दुसरा कागद घेऊन गेले होते, कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. त्यानं रान कसावं, कर्ज काढावं, अनुदान घ्यावं, माल विकावा. दर वेळी आमच्या मागं धावायची गरज नाही. जमीन विकायची असेल तेवढं मात्र सगळ्यांना विचारून. आक्काला दर वर्षी तिच्या वाट्याचं, पिकेल त्यातलं. पिकलं नाही तर नाही.

मग वहिनीचा विषय काढला. आधी मला वाटत होतं की माझा हिस्सा तिच्याच नावे सोडावा. वकिलांनी सांगितलं, हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होते, आणि वहिनी तर कागदावर कुणीच नाही. पण नवऱ्याला आपल्या हिश्श्यात बायकोचं नाव सहखातेदार म्हणून लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती तेव्हा गावंच्या गावं हे करत होती, पुढं शासनानं त्याच नावाची योजनाही आणली. आज किती जणांना ती आठवते? आमच्या गावात विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हती.

दादा गप्प बसला. मग म्हणाला, "अजून एक नाव? सोयरीक आली तर सातबाऱ्यावर पाच दिसतील."

वहिनी इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "दिसू द्या की. येणाऱ्या पोरीला कळंल तरी, या घरात सुनेचं नाव लागतंय म्हणून."

दादानं होय म्हणायला पुढचे काही महिने घेतले. मुखत्यारपत्र झालं. वहिनीच्या नावाचा अर्ज त्यानं स्वतः तलाठ्याकडे दिला. तलाठ्यानं बाकीच्या सहहिस्सेदारांची संमती मागितली. आईनं अंगठा दिला, आक्का त्याच आठवड्यात गावी येऊन सही करून गेली, मी शनिवारी गेले. फेरफार अजून मंजुरीला आहे.